सांगण्याजोगं दुखणं

दिल्लीतल्या भिंतींवर जेवढी जाहिरात बवासीरची असते, तेवढी निवडणुकीतही कुणा पुढाऱ्याची होत नसेल. गाडी दिल्लीत शिरायला लागली की रुळांच्या कडेने चुना मारलेल्या भिंती सुरू होतात आणि त्यांवर निळ्या अक्षरांत तेच ते. शर्तिया इलाज, बिना ऑपरेशन, खाली फोन नंबर. लग्नानंतर पहिल्यांदा मी दिल्लीला आले तेव्हा खिडकीतून हे सगळं वाचत आले आणि नवऱ्याला विचारलं, "अहो, हे बवासीर म्हणजे काय?" समोरच्या बाकावर एक कुटुंब बसलं होतं. त्यांच्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "काही नाही. गप बस." मूळव्याध, एवढा एक शब्द मराठीत सांगितला असता तरी समोरच्यांना काही कळलं नसतं. पण त्याच्या तोंडून तो निघाला नाही. पुढे बाळंतपणात तेच दुखणं मला झालं, तेव्हाही आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेतलं नाही. त्याऐवजी माझ्या दुखण्याला दुसरंच एक नाव दिलं गेलं आणि ते मला अजून चिकटलेलं आहे.

तेव्हा माझा नवरा सैन्यात नाईक होता आणि आम्ही दिल्ली कॅन्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. गाव दोघांचंही सातारा जिल्ह्यातलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझ्या आईचा नेमका तेव्हाच पाय मोडला आणि तीच खाटेवर पडली. मग दिल्लीतच करायचं ठरलं आणि सासूबाई गावाहून आल्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्यांनी येताना डिंक, खारीक, सुकं खोबरं, अळीव, बाळंतशेपा, बाजरी आणि कोळशाची एक लोखंडी शेगडी असं सगळं पोत्यात बांधून आणलं होतं. नवरा त्यांना आणायला निजामुद्दीनला गेला, तेव्हा त्या डब्याच्या दारात उभ्या होत्या. मथुरेपासून उभीच आहे, बसून बसून वैताग आला, असं म्हणाल्या. नवऱ्यानं ते मला कौतुकानं सांगितलं, आई या वयातही किती काटक आहे म्हणून. मीही कौतुकानं ऐकलं.

जानेवारीतल्या धुक्यात मुलगी झाली. कळा फार लांबल्या आणि शेवटी जोर लावून लावून माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पण ती रडली आणि नर्सनं तिला माझ्या छातीवर ठेवलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी त्या अनोळखी नर्सचा हात धरून ठेवला. मला मुलगीच हवी होती. हे मी इथे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मला ते कुणी सांगू दिलं नाही.

दवाखान्यातून घरी सोडताना नर्सनं मला नीट बजावलं होतं. पाणी भरपूर प्या, भाज्या-फळं खा, शौचाला जोर लावू नका, काही दुखलं-खुपलं तर लगेच या. हिंदीत सांगितलं होतं आणि आत्यांना हिंदी येत नव्हती. मी त्यांना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांच्यात पीत असतील पाणी. आपल्यात नाही पाजत बाळंतिणीला. पोट सुटतं." आणि विषय संपला.

मग सुरू झालं आमच्यातलं बाळंतपण. बाजरीची भाकरी, लसणाचं तिखट, तूप, डिंकाचा लाडू, मेथीचा लाडू, पुन्हा भाकरी. फळं थंड, काकडी थंड, ताकाचं तर नावच काढायचं नाही. पाणी म्हणजे शेपा घालून उकळलेलं, तेही जेवणानंतर फुलपात्रात दोन बोटं. वर दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या चालूच. शेजारच्या हरयाणवी बाईंकडून आत्यांनी खुणा करून करून एक सुंभाची चारपाई मिळवली, तिच्याखाली शेगडी पेटवली आणि मला तिच्यावर झोपवलं. बाहेर दिल्लीची थंडी हाडात शिरत होती, त्यामुळे शेक बरा वाटायचा, नाही कसं म्हणू. पण तोंड कोरडं पडायचं आणि ओठ सोलायचे. सवा महिना घराचा उंबरा ओलांडायचा नाही हे तर ठरलेलंच होतं. तीन मजले उतरून मी जाणार तरी कुठे होते म्हणा.

पोट साफ होईना. आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, होईल. झालं तेव्हा असं झालं की मी नळाची तोटी धरून, दातात पदर धरून बसले होते. नंतर धुताना हाताला गाठ लागली. पहिल्या दिवशी हरभऱ्याएवढी, दुसऱ्या दिवशी द्राक्षाएवढी झाली आणि टणक. हात लागला तरी मस्तकात कळ जायची. चालताना दुखायची, खोकताना दुखायची, आणि बसलं की दुसरं काही सुचायचंच नाही. कळा निदान येऊन जात होत्या. ही गाठ जागची हलत नव्हती.

नवऱ्याची तेव्हा परेडच्या तयारीत ड्यूटी होती. तो अंधारात जायचा आणि परत आला की बूट काढता काढता पेंगायचा. तरी त्याला गाठून मी सांगितलं, "मला गाठ आलीय."

"कुठं?"

मी सांगितलं. तो मोज्याकडे बघत राहिला. सीमेवर राहून आलेला माणूस, पण बायकोच्या अंगातल्या त्या जागेचा उल्लेख झाला आणि त्याचे कान लाल झाले. "आईला सांग ना," तो म्हणाला. "तिला कळतं बायकांचं."

मी आत्यांना सांगितलं. त्या शेगडीत कोळसे घालत होत्या. हातातला चिमटा तसाच धरून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "रक्त जातं का?"

"नाही."

"मग बाहेरची आहे. बसेल खाली. असतं असं बाळंतपणात," असं म्हणून त्यांनी आणखी दोन कोळसे टाकले.

किती नेमका प्रश्न होता तो. रक्त जातं का, म्हणजे आतली आहे की बाहेरची, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण मी तेव्हा वेदनेत आंधळी झाले होते. माझ्या मनात एवढंच आलं, असतं असं, तर असेल.

खरी पंचाईत दूध पाजायची होती. पडून पाजलं की दूध बाळाच्या कानात जातं, कान फुटतो, असा आत्यांचा नियम. म्हणून भिंतीला टेकून, मांडी घालून, बसूनच पाजायचं. मी बसायचे. मुलगी तोंड लावायची आणि मी मनात आकडे मोजायचे. वीसपर्यंत, तीसपर्यंत. मग सहन व्हायचं नाही आणि मी तिला काढून घ्यायचे. ती रडायची. मी अंग एका बाजूला कलंडवून पुन्हा घ्यायचे, पुन्हा तेच. काही दिवसांत असं झालं की ती भुकेनं कुरकुरायला लागली की मी ऐकू न आल्यासारखं करायचे. आईला लेकराची भूक नकोशी वाटावी, याहून वाईट काय असतं मला माहीत नाही. आत्या तिला माझ्याकडून घ्यायच्या आणि फेऱ्या मारत म्हणायच्या, "आई घेत नाही का गं तुला? नाही घेत?" मला ते शब्द तापलेल्या चिमट्यासारखे लागायचे. मग नवरा कॅन्टीनमधून पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आला. न सांगता, न विचारता आणला आणि ओट्यावर ठेवला.

बाराव्या दिवशी बारसं झालं. युनिटमधल्या मराठी बायका आल्या, शेजारच्या हरयाणवी बाई आल्या, कुणी पाळणा आणला, कुणी घुगऱ्या शिजवल्या. मला काठाची साडी नेसवून पाटावर बसवलं आणि मांडीत मुलगी दिली. लाकडी पाट होता तो. त्यावर माझी ओटी भरायची, मग फोटो, मग पाळणा. बायका चेष्टामस्करी करत होत्या, मुलगी कुणावर गेलीय यावर वाद चालला होता, आणि मी घामानं भिजले होते. जानेवारीत. कुणीतरी म्हणालं, "जरा हस की गं, फोटो काढतोय." मी हसायला गेले आणि मला रडू फुटलं. मुलीला शेजारणीच्या मांडीवर जवळजवळ टाकलं आणि मी उठून उभी राहिले. आत जाऊन भिंतीला कपाळ टेकून उभी राहिले.

बाहेर सगळं गप्प झालं होतं, त्यामुळे आत्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. त्या हळू आवाजात, समजूतदारपणे म्हणाल्या, "मुलगी झाली ना. मनाला लावून घेतलंय तिनं. धड घेत पण नाही पोरीला. मी म्हणते, होईल पुढच्या खेपेला मुलगा, त्यात काय एवढं."

आणि बायकांनी ते लगेच मान्य केलं. कुणाला नवल वाटलं नाही. एकीनं सुस्कारा टाकला, दुसरीनं आपल्या जावेला दोन मुलींवर मुलगा कसा झाला ते सांगितलं. मग माझी समजूत काढायला त्या एक-एक करून आत आल्या. "अगं, लक्ष्मी आली घरात. असं नाही करायचं." मी म्हणाले, "मला मुलगीच हवी होती." त्या मायेनं माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी जितकं सांगत होते तितका त्यांचा माझ्या दुःखावर जास्त विश्वास बसत होता. खरं कारण माझ्या जिभेवर होतं. पण घुगऱ्यांचे द्रोण हातात घेऊन उभ्या असलेल्या आठ-दहा बायकांना ते सांगायला तोंड उघडलं नाही. आमच्या सगळ्यांच्या तोंडाला एकच कुलूप लावलेलं होतं आणि ते लहानपणीच लावलेलं होतं.

दोन दिवसांनी नवरा चहा पिता पिता म्हणाला, "एक विचारू? तू खरंच नाराज आहेस का, मुलगी झाली म्हणून? माझ्यासोबतच्या एकाची बायको म्हणत होती." त्याला मी स्वतः सांगितलं होतं गाठीबद्दल. स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. तो ते विसरला नव्हता. पण त्याबद्दल बोलण्यापेक्षा याबद्दल बोलणं त्याला सोपं जात होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि मोरीत ओतला. तो म्हणाला, "बघ, चिडतेस म्हणजे आहेच काहीतरी."

मुलीचं वजन वाढेना. पावडरचं दूध तिला पचत नव्हतं, ती ओकायची. एके सकाळी ती नुसती पडून राहिली, रडेनाच, तेव्हा मात्र आत्याच घाबरल्या आणि म्हणाल्या, दवाखान्यात चला. उंबरा, सवा महिना, वारा लागणं, सगळं क्षणात बाजूला. कानाला फडकं बांधून मला तीन मजले उतरवलं, रिक्षात बसवलं. बसवलं म्हणजे मी सीटची कड धरून अर्धी उभीच होते. माझ्यासाठी न उघडलेला दरवाजा मुलीसाठी उघडला. तिच्यासाठी उघडला म्हणून मला बरंही वाटलं आणि रागही आला.

डॉक्टरबाई गणवेशात होत्या. त्यांनी मुलीला तपासलं, वजन केलं आणि म्हणाल्या, "बच्ची ठीक है. भूखी है. यहीं बैठकर पिलाइए, मैं देखती हूँ." मी उभी राहिले. त्यांनी स्टुलाकडे बोट दाखवलं. मी स्टुलाकडे बघितलं, पण बसले नाही. त्यांनी माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं, नवऱ्याला आणि आत्यांना बाहेर थांबायला सांगितलं, पडदा ओढला आणि विचारलं, "टाँके दुख रहे हैं या पीछे?"

पीछे. एवढ्या एका साध्या शब्दानं मला हमसून हमसून रडू आलं.

त्यांनी तपासलं आणि सगळं समजावून सांगितलं, घाई न करता. ही मूळव्याधच, पण बाहेरची. गुदद्वाराच्या कडेला, कातडीखाली शिरा असतात. पोटात बाळाचं ओझं वाहताना त्या फुगतात, प्रसूतीत जोर लावताना आणखी फुगतात. त्यात पाणी नाही, भाजी नाही, शौचाला खडा झाला, पुन्हा जोर लावला, की एखाद्या शिरेत रक्त साकळून अशी गाठ होते. आतल्या मूळव्याधीत रक्त जातं आणि सहसा दुखत नाही. बाहेरच्या गाठीत रक्त बहुधा जात नाही, पण जीव जातो. "पहले दो-तीन दिन में आतीं तो छोटा-सा चीरा लगाकर निकाल देते, उसी दिन आराम," त्या म्हणाल्या. आता गाठ जिरायला लागली होती, तेव्हा चिरायची गरज नव्हती. टबात कोमट पाणी घ्यायचं, त्यात दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं बसायचं. पाणी प्यायचं, भरपूर. इसबगोल, पालेभाज्या, फळं. शौच मऊ व्हायला एक औषध, दुखऱ्या जागी लावायला मलम, दोन्ही दूध पाजताना चालणारी. संडासात बसून राहायचं नाही, जोर लावायचा नाही. रक्त दिसलं, ताप आला किंवा गाठ वाढली तर परत यायचं. आणि पडून पाजलं तरी चालतं. एका कुशीवर कसं पाजायचं ते त्यांनी मला तिथल्या तिथे दाखवलं. मी कुशीवर झाले, मुलगी प्यायली आणि मला कुठेच दुखलं नाही. इतकं सोपं होतं ते.

मग त्यांनी आत्यांना आत बोलावलं आणि मला भाषांतर करायला लावलं. पाणी, भाजी, कोमट पाण्याचा टब. मला वाटलं होतं, आत्या तोंड वाकडं करतील, आपल्यात असं नसतं म्हणतील. त्यांनी नीट ऐकून घेतलं. टबाचं ऐकताना त्या मला म्हणाल्या, "पाणी किती कोमट ते विचार." मी विचारलं. डॉक्टरबाईंनी मनगट दाखवून सांगितलं, हाताला सोसेल इतपत.

परतताना रिक्षात नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. मी मागे कड धरून. आत्या माझ्या शेजारी एका कुल्ल्यावर, दांडीला हात टेकून, तिरप्या बसल्या होत्या. त्या नेहमी तशाच बसायच्या. घरातही, जेवतानाही, भाकरी थापतानाही. मला वाटायचं गुडघे दुखत असतील. बाहेर बघत, मला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "आणि जुनी असली तर? तरी बसते का त्यानं?"

मी त्यांच्या बसण्याकडे बघितलं. मथुरेपासून गाडीच्या दारात उभं राहणं आठवलं. रक्त जातं का, हा प्रश्न आठवला.

घरी पोचलो. नवरा टब आणायला सदर बाजारात गेला तसं मी विचारलं, "आत्या, तुम्हाला आहे ना?"

"असते बायकांना."

"कधीपासून?"

"थोरला झाला तेव्हापासून," त्या म्हणाल्या. थोरला म्हणजे माझा नवरा. "येते, जाते. थंडीत येते."

"म्हणजे मी सांगितलं तेव्हा तुम्हाला कळलं होतं."

त्या भाकरीचं पीठ चाळायला बसल्या होत्या, तिरप्या. हात थांबले नाहीत. "कळायचंय काय त्यात. मलाही सासूनं शेकच दिला होता. मेले का मी?"

"मग बारशाला लोकांपुढे का म्हणालात, मुलगी झाली म्हणून रडते?"

आता त्यांनी वर बघितलं. त्यांना माझाच प्रश्न विचित्र वाटला होता हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "मग काय सांगायचं होतं? चारचौघींत तू उठून गेलीस, रडलीस. त्या विचारायला लागल्या. तिथं गाठ आलीय म्हणून सांगू? तुझीच अब्रू झाकली मी. काहीतरी सांगण्याजोगं सांगायला नको?"

सांगण्याजोगं. मला त्या क्षणी त्यांचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही, आणि अजूनही तो पुरता गेलेला नाही. मूळव्याध झाली हे लाजिरवाणं, आणि पोटची पोरगी नकोशी झाली हे चारचौघींत सांगण्याजोगं. माझ्या नावावर हे लावताना त्यांना वाईट वाटलं नाही, कारण त्यांच्या लेखी त्यात वाईट काही नव्हतंच. आणि ऐकणाऱ्या आठ-दहा जणींपैकी एकीलाही ते खटकलं नाही. मी आत्यांना म्हणाले, "माझी अब्रू झाकायला माझ्या पोरीची काढलीत तुम्ही." त्या पीठ चाळत राहिल्या. त्यांना खरोखरच कळलं नाही मी काय म्हणते ते.

टब आला. निळा, प्लॅस्टिकचा, लहान मुलांच्या अंघोळीचा. मी त्यात बसायला लागले. तांब्या भरून पाणी प्यायला लागले, आत्यांसमोर, घटाघट आवाज करत. चारपाई शेजारणीला परत केली. तिनं विचारलं तेव्हा मी तिला सरळ सांगितलं आणि ती म्हणाली, "बवासीर? लो, पहले बतातीं भाभी, मेरे को तो दोनों टैम हुई थी." काही दिवसांत दुखणं गेलं. पंधरवड्यात गाठ जिरून गेली, मागे कातडीचा एक लोंबता पापुद्रा राहिला, तो अजून आहे, त्रास काही नाही. दूध मात्र पूर्ववत आलं नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं की बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं, आणि सुरुवातीचे दिवस वाया गेले होते. थोडंसं आलं, दोन-अडीच महिने पुरलं, मग आटलं. माझी मुलगी डब्याच्या दुधावर वाढली. चांगली धडधाकट वाढली, पण तो डबा बघितला की मला आजही काहीतरी होतं.

सवा महिना झाल्यावर आत्या गावी निघाल्या. शेगडी पोत्यात बांधताना त्या म्हणाल्या, "हा टब लागणार आहे का तुला?" पोरीला त्यात अंघोळ घालायची होती. मी तसं म्हणू शकले असते. मी म्हणाले, "न्या." कशासाठी हवाय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांच्या दुखण्याचं नाव त्यांच्या तोंडून ऐकायचं, निदान एकदा, असं मला फार वाटत होतं. नवऱ्यानं स्टेशनवर विचारलं, "आई, टब कशाला?" त्या म्हणाल्या, "गहू भिजवायला."

बारशाला त्यांनी सांगितलेल्या गोष्टीनं मात्र माझ्या आधीच गाव गाठलं होतं. पहिल्यांदा मुलीला घेऊन गेले तेव्हा ओटी भरणाऱ्या बायकांनी माझी समजूतच काढली. पुढे मला दुसरं मूल झालं नाही, होऊ दिलं नाही, तर त्याचाही धागा तिथेच नेऊन जोडला गेला. घरात कुणी रागानं म्हणत नाही हे, आजही. घराण्यातली एक आठवण म्हणून सांगतात, हसून. दिल्लीच्या थंडीत कशी रडली होती बारशाला, पोरीला टाकून उठली होती. नवरा ऐकतो आणि गप्प बसतो. त्याला खरं माहीत आहे.

या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. मुलगी आता नऊ वर्षांची आहे. दिल्लीत वाढलेली, मराठी बोलते पण अधूनमधून शब्द अडतात. दुपारी माजघरात भावकीतल्या बायका पापड लाटत बसल्या होत्या, आत्या कडेला तिरप्या बसून लाट्या करत होत्या. मुलगी बाहेरून आली आणि सगळ्यांच्या देखत मला म्हणाली, "आई, मी झाले तेव्हा तू सॅड होतीस का? मुलगी झाली म्हणून? त्या काकू म्हणतात, तू मला घ्यायचीच नाहीस."

लाटणी थांबली. मी आत्यांकडे बघितलं. एक वाक्य बोलल्या असत्या तर पुरे होतं. तसं काही नव्हतं गं, एवढंच. त्यांनी एका बाजूचं अंग दुसऱ्या बाजूला घेतलं आणि पुढची लाटी हातात घेतली.

तेव्हा मीच बोलले. मोठ्यानं, मास्तरीण बोलते तशी. "मला मूळव्याध झाली होती. दुखत होतं म्हणून मला बसता येत नव्हतं, आणि बसता येत नव्हतं म्हणून तुला नीट घेता येत नव्हतं. मला मुलगीच हवी होती."

"मूळव्याध म्हणजे?"

"बवासीर."

"अच्छा, ते वॉलवर लिहिलेलं असतं ते," ती म्हणाली. तिला त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही. थोडा विचार करून तिनं विचारलं, "मग सगळे असं का म्हणतात?"

"तुझ्या आजीनं तसं सांगितलं म्हणून."

"आजीला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. तिला स्वतःलाही आहे."

एक बाई पदर तोंडाला लावून खोकली. आत्या उठल्या आणि मागच्या पडवीत गेल्या, जिथे न्हाणीच्या भिंतीला तो निळा टब उभा करून ठेवलेला असतो. उन्हानं त्याचा रंग पार उडालाय.

मुलगी माझ्याकडे बघत होती. "मग तिनं खरं का नाही सांगितलं?"

मला खूप काही सांगता आलं असतं. इतकी वर्षं मी तेच मनात घोळवत आले होते. पण ते उत्तर देणं माझं काम नव्हतं.

"जा," मी म्हणाले, "तिलाच विचार."

ती वळली आणि खरंच विचारायला गेली. मी तिला थांबवलं नाही.